नव्या खोक्यातली जुनी आगगाडी

“खोकं नवं हाय ना, मंग झालं तर. आतली गाडी कोण तपासून राह्यलंय? ज्योत्स्नाच्या माहेरी जुनं बी चालतं.”

हे चांगुणाबाई आपल्या थोरल्या सुनेला, मीनाला, हळू आवाजात म्हणाल्या. हळू म्हणजे त्यांच्या मानानं हळू. मागच्या दारी भांडी घासणाऱ्या धाकट्या सुनेला, ज्योत्स्नाला, ते बिलकुल ऐकू जायला नको होतं. तिच्या हातातला तांब्या तसाच थांबला.

ती जुनी गाडी म्हणजे मी. बॅटरीवरची आगगाडी. माझ्यासमोर बोलायला कुणाला संकोच वाटत नाही. खेळण्याला कान नसतात अशी माणसांची समजूत आहे. नव्या सुनेबद्दलही साधारण तीच आहे.

मीनाच्या आर्यनच्या दुसऱ्या वाढदिवसाला मला जालन्याच्या दुकानातून वाटूरला आणलं. वाटूरला रेल्वे नाही. त्यामुळे काही दिवस मी गावातली एकमेव आगगाडी होते, आणि आळीतली लेकरं मला बघायला दारात गर्दी करायची. मी गोल फिरायचे, शिट्टी मारायचे, पुन्हा गोल फिरायचे. कुठंच न पोचता एवढं कौतुक पुढाऱ्यालाच मिळत असेल.

माझे रूळ आठ. एक आर्यननं चावून वाकडा केला. एक डुगडुगणाऱ्या खाटेच्या पायाखाली गेला. तिसऱ्यानं चांगुणाबाई पाठ खाजवतात, आणि तो त्या कुणाला हात लावू देत नाहीत. उरलेल्या पाच रुळांवरून मी निघते खरी, पण परत येत नाही. फरशीवर उतरते आणि खाटेखाली जाऊन उताणी पडते. पुढं एक चाक गळालं, बॅटरीचं झाकण हरवलं, तिथं रबर लागलं. मग मी वर्षभर पोत्यात होते. माणसं वस्तू टाकून देत नाहीत. ‘कुणाच्या तरी कामाला येईल’ म्हणून ठेवतात. तो कुणीतरी आपल्यापेक्षा गरीब असला म्हणजे झालं.

गेल्या आठवड्यात आर्यनला नवी गाडी आली, अगदी माझ्याच जातीची. त्यानं गाडी घेतली आणि खोकं भिरकावलं. घरात तेव्हा पंचमीची तयारी चालली होती. ज्योत्स्नाची लग्नानंतरची पहिली पंचमी. तिचा भाऊ बद्रीनाथ मुराळी होऊन तिला माहेरी न्यायला येणार होता. सुनेला रिकाम्या हातानं कसं धाडायचं? म्हणून करंज्यांचा डबा, भावजयीला ब्लाउजपीस आणि भावाच्या चार वर्षांच्या मुलीला, शालूला, खेळणं. खेळण्याची युक्ती मीनाची, मंजुरी सासूबाईंची. मला नव्या खोक्यात बसवून वरून चिकटपट्टी लावली. लग्नातली नवरी तरी एवढी झाकत नाहीत.

ज्योत्स्नानं नवऱ्याला सांगून पाहिलं. संपत म्हणाला, लहान लेकरू आहे, त्याला काय कळतंय, आणि परत मोबाइलमध्ये शिरला. ती उठून कामाला लागली. गप्प बसण्याबद्दल तिची सासरी फार वाखाणणी आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे शेतात गेले. तिनं खोकं उघडलं, मला बाहेर काढलं, पदरानं पुसलं, आणि पुसता पुसता बोलत राहिली. पिंपळगाव रेणुकाईला, तिच्या माहेरी, दर दिवाळीला जालन्याच्या मावशीची पिशवी यायची. केस कापलेली बाहुली. स्ट्रायकर नसलेला कॅरम. पिवळ्या सोंगट्या नसलेला लुडो. त्यांच्या जागी हरभऱ्याचे दाणे, आणि डाव हरायला लागला की बद्रीनाथ ते खाऊन टाकायचा.

जुन्याचं तिला दुःख नव्हतं. बाहुलीला तिनं चिंधीची टोपी शिवली आणि चांगली आठ वर्षं सांभाळली. पण पिशवी आली की फोन लागायचा. आई तिच्या कानाशी फोन धरून डोळ्यांनी खुणावायची. मग तिनं म्हणायचं, “मावशी, लई छान हाय, बिलकुल नवी हाय.” पलीकडं मावशी खूश. खोटं आहे हे दोघींनाही ठाऊक, पण म्हणायचं मात्र लहानीनंच.

“लहान होते मी, खुळी नव्हते,” ती मला म्हणाली. मग तिनं मला परत खोक्यात ठेवलं. चिकटपट्टी दाबून बसवताना तिचं बोट बराच वेळ तिथंच होतं. शालूला आता तेच म्हणायला लावायचं, आणि लावणारी आपण, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण नवी सून पहिल्याच पंचमीला बोलली तर सासरी तिचं पुढं कसं होणार, हेही तिला कळत होतं.

आज सकाळी बद्रीनाथ आला. चहा झाला. खोकं बघून त्यानं रीतीप्रमाणे कशाला एवढा खर्चा केला म्हणून विचारलं. मीनानं रीतीप्रमाणे लाजून घेतलं.

“खर्चा कशाचा? लेकराच्या हौसेला मोल असतंय का?” चांगुणाबाई म्हणाल्या. मग ज्योत्स्नाकडं वळल्या. “पंचमीच्या दिवशी पोरीला व्हिडिओ कॉलवर घे. आज्जी, नवी गाडी लई छान हाय, असं म्हणायला लाव. माझ्या बहिणी येणार हायेत, त्यायला बी दिसंल.”

ज्योत्स्ना खाली बसली. तिनं चिकटपट्टी सोलली, आणि गळालेलं चाक, रबर, पाच रूळ यांच्यासकट मला सगळ्यांसमोर बाहेर काढलं. मीनाला एकदम चुलीवरचं दूध आठवलं. बद्रीनाथ कपाच्या तळाशी काय आहे ते बघत बसला. चांगुणाबाईंनी पहिल्यांदाच मला नीट पाहिलं.

तिनं मला आपल्या पिशवीत, साड्यांच्या घडीवर ठेवलं. तिथूनच मी हे सांगतेय. माझं एवढंच मागणं आहे: मला जुनी म्हणा, खुशाल म्हणा, मला त्याची लाज नाही. माझ्यापायी कुठल्या लेकराला खोटं हसायला लावू नका.

रिकामं खोकं तिनं सासूबाईंसमोर ठेवलं. आवाज न चढवता ती म्हणाली,

“आत्याबाई, गाडी शालूला देते, जुनी हाय म्हणून सांगून देते. खोकं आर्यनचं हाय, ते इथंच राहू द्या. पंचमीला फोन करा, मी बोलंन तुमच्याशी. शालू न्हाई बोलणार.”