गळतंय कोण?

मी एक जुना फळा आहे. जुना म्हणजे लोकांनी रंग लावायचं सोडून दिलेला. मित्रांनो, मला घडवणारा सुतार म्हणाला होता, यावर पिढ्या शिकतील. पिढ्या आल्या खऱ्या. शिकल्या का, ते मला विचारू नका.

इंग्रजीचे मास्तर माझ्यावर दरवर्षी पार्टिसिपल लिहायचे. सांगायचे, हे मूळचं क्रियापदच, पण विशेषणाचा सदरा घालून येतं. ब्रेकिंग म्हणजे तोडणारा, ब्रोकन म्हणजे तुटलेला. वाक्याच्या सुरुवातीला आलं, की पुढच्या कर्त्याला जाऊन चिकटतं. तेव्हा कर्ता बघून वापरा. मुलं माना डोलवायची आणि पेपरात 'मी कंटाळलोय' म्हणायला 'आय ॲम बोअरिंग', म्हणजे मीच कंटाळवाणा, असं लिहून यायची. मास्तर म्हणायचे, यात चूक तरी कशी काढू?

एका वर्षी मास्तरांच्या नोकरीची मुदत संपत होती. धाकटीचं शिक्षण अर्ध्यावर होतं. मुदत वाढणं हेडसरांच्या सहीवर होतं, म्हणून मास्तर त्यांच्यापुढे जरा वाकूनच चालायचे.

एका दुपारी मास्तरांच्या तासाला हेडसर वर्गात आले आणि त्यांनी माझ्यावर सूचना लिहिली, 'लीकिंग बॅडली, द प्रिन्सिपल हॅज क्लोज्ड द टँक.' म्हणायचं होतं, टाकी फार गळते म्हणून बंद केली.

मागच्या बाकावरची, सगळे जिला झोपाळू म्हणायचे ती मुलगी उभी राहिली. "सर, लीकिंग कर्त्याला चिकटलं. मग गळतंय कोण? हेडसर?"

वर्गात हशा फुटला. इतक्या वर्षांत पार्टिसिपल कुणाला तरी कळलं, तेही नेमकं त्या मुहूर्तावर.

हेडसर म्हणाले, "मास्तर, वाक्य बरोबर आहे ना?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? माझ्यावर कोणी काहीही लिहितं.

"गळते टाकीच, सर," ते म्हणाले. "पण वाक्यात तुम्ही गळताय." मग मुलीकडे वळले. "बस बाळ. बरोबर आहे तुझं."

सही झाली नाही. निरोप समारंभात हेडसर मास्तरांच्या काटेकोरपणावर भरभरून बोलले. माझ्या जागी चकचकीत पांढरा फळा आला आणि मी टाकीवर झाकण म्हणून पडलो. टाकी अजून गळते. झोपाळू शेजारून जाते, पण वर्गात आता तिचा हात वर होत नाही म्हणे.

मित्रांनो, मला रंग नको. बरोबर उत्तराला तेवढं जपा. शिकवणाऱ्याचा कामावरून काढलेला व्हायला एक वाक्य लागतं. विचारणारीची गप्प केलेली व्हायला तेवढंही लागत नाही.