सरकार आलं की तुटणारा आवाज

रबीअचा आवाज तुटला तेव्हा तो 'बैरूतच्या' एवढेच म्हणाला होता. पुढचा शब्द 'इस्पितळात' असणार हे लमीसला ठाऊक होते. वडिलांनाही ठाऊक असावे, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले. फोनच्या पडद्यावर भावाचा चेहरा अर्ध्या वाक्यावर गोठला होता. तोंड किंचित उघडे, भुवया वर चढलेल्या, कुणी बाहेरून दार लावून घेतल्यावर माणूस जसा दिसतो तसा. तिने फोन पालथा घातला.

"गेला?" वडिलांनी, अबू रबीअंनी, विचारले.

"येईल, बाबा. लाइन गेलीय."

"त्याला सांग, मी ऐकत होतो."

एवढे बोलायलाही त्यांना दोनदा थांबावे लागले. अल-मीनाच्या बंदरात जन्मभर होड्या बांधलेल्या या सुताराच्या छातीत आता लाकडाचा भुसा साचला होता, निदान डॉक्टरांनी तरी सोप्या भाषेत तसेच सांगितले होते. जिन्यात उभे राहून, पायांतल्या बुटांकडे पाहत डॉक्टर लमीसला म्हणाले होते, की आवाज आधी जाईल आणि माणूस मागून जाईल. त्या दिवसापासून ती वडिलांचा आवाज घोटभर उरलेल्या पाण्यासारखा राखत होती. औषधांची नावे तीच सांगे, पाहुण्यांना उत्तरे तीच देई. उरलेला आवाज मॉन्ट्रिआलमधल्या रबीअसाठी होता. कागदपत्रे अडकल्यामुळे तो येऊ शकत नव्हता. दुपार कलली की तिकडे त्याची सकाळ होई, तो फोन करी, आणि वडील श्वास गोळा करून बोलायला लागले की मधेच लाइन तुटे.

लमीस थोरली. पण पहिला मुलगा झाल्यावर तौफीक सुताराला साऱ्या बंदराने अबू रबीअ, रबीअचा बाप, म्हणायला सुरुवात केली, आणि मुलगा समुद्रापार गेल्यावरही ते नाव मागेच राहिले. लमीसला त्याचे वाईट वाटेनासे होऊन फार वर्षे झाली होती. वाईट वाटायचे ते दुसऱ्याच गोष्टीचे. वडिलांनी इस्पितळात जायला ठाम नकार दिला होता, ती त्यांच्या बाजूने उभी राहिली होती, आणि रबीअला ते पटले नव्हते. त्या संध्याकाळी त्याचा निरोप आला: 'मी इस्पितळ म्हटलं की लाइन जाते. दर वेळी. योगायोग मोठा छान आहे, लमीस.' तिने लांबलचक उत्तर लिहिले आणि पुसून टाकले. मग लिहिले, 'मी शोधते.'

शोधायचे होते ते त्याच्याच यंत्रात. चपलांच्या कपाटाशेजारी एक जुना कॉम्प्युटर उभा होता; त्याला ना पडदा, ना खेळ, नुसते लिनक्स आणि दोन केबली. गच्चीवरून आलेली एक त्याच्यात शिरे, दुसरी घरभर पसरे. घरातल्या प्रत्येक फोनला बाहेर पडायचे तर याच दारातून पडावे लागे. रबीअ त्याला गेटवे म्हणायचा, वडील 'रबीअचं यंत्र'. जायच्या आठवड्यात त्याने ते उभे केले होते आणि परदेशातून हळूहळू बहिणीला शिकवले होते: आपल्या लॅपटॉपवर त्याचा काळा पडदा कसा उघडायचा, आज्ञा कशा लिहायच्या, यंत्राने स्वतःशीच ठेवलेल्या नोंदी कशा वाचायच्या. लमीस मुलींच्या शाळेत गणित शिकवत असे. खुणांच्या त्या कोरड्या भाषेचे तिला भय वाटले नाही. उलट तिला वाटे, जगात हीच एक भाषा आहे जिच्यात कुणी टोमणा मारत नाही.

पहिला संशय अर्थातच विजेवर गेला. त्या किनाऱ्यावर काहीही बिघडले, दूध नासले, लग्न मोडले, तरी माणूस आधी विजेकडे बोट दाखवतो. प्रत्येक घरात दोन वेगळ्या लाइनी: एक सरकारी, जी मनाला येईल तेव्हा येई आणि मनाला येईल तेव्हा जाई, दुसरी गल्लीतल्या जनरेटरची, मोजून पाच अँपिअर, त्यात इस्त्री लावली तर दिवे जात. गेटवे जनरेटरवर होता आणि मधल्या काळासाठी खाली बॅटरी होती. लमीसने बॅटरी बदलली. लाइन तुटत राहिली. तेव्हा तिने जनरेटरवाल्या अबू खिद्रला गाठले, की दुपारी तुझा जनरेटर धाप टाकतो, कबूल कर.

"बाई," तो सिगारेट न काढता म्हणाला, "माझा जनरेटर बंद पडला की अख्ख्या गल्लीला माझी आई आठवते. काल कुणाला आठवली नाही. म्हणजे तो चालू होता."

मग ती गच्चीवर गेली. खारे वारे तांबे खातात म्हणून तिने केबलची टोके कापून नवी बसवली. यंत्राच्या पोटातले नेटवर्कचे कार्ड काढून दुसरे घातले. दोन दुपारी शांत गेल्या. तिसऱ्या दुपारी रबीअ बर्फाबद्दल काही सांगत असताना पुन्हा तसाच गोठला, आणि वडिलांनी गोळा केलेला श्वास तसाच सोडून दिला. त्या आठवड्यात त्यांचा आवाज कुजबुजीपर्यंत उतरला होता. रबीअ म्हणाला, मी होतो तेव्हा माझं यंत्र कधी तुटत नव्हतं. तो खरे बोलत होता, हेच तिला लागले.

उत्तर शेवटी खालच्या मजल्यावरून आले. त्या दिवशी फोन लागला होता, वडील उशीला टेकून बसले होते, आणि जिन्यात उम्म नझीर मावशींची आरोळी घुमली: "सरकार आलं!" त्या गावात सरकार म्हणजे सरकारी वीज, दुसऱ्या कोणत्या रूपात ते कुणी पाहिलेलेच नव्हते. खाली त्यांचे कपडे धुण्याचे यंत्र धडधडू लागले. त्याच क्षणी रबीअचा चेहरा थिजला.

लमीस फोन हातात धरून तशीच उभी राहिली. मागच्या वेळीही ती धडधड होती. त्याच्या आधीही. इतके दिवस ती वीज जाण्याच्या क्षणांवर पाळत ठेवून होती, आणि लाइन तुटत होती ती वीज येताना. जाणाऱ्यावर सगळ्यांचे लक्ष असते. येणाऱ्याचा संशय कोण घेतो?

दुसऱ्या दिवशी ती गेटवेसमोर जमिनीवर बसून राहिली. मावशींची आरोळी आली, लाइन तुटली. तिने गेटवेची घरातली केबल उपसून काढली. आता घराच्या जाळ्यात तो नव्हता. त्याचा पत्ता म्हणजे बंद दार. मग तिने आपल्या लॅपटॉपवरून त्याच पत्त्याला हाक मारली, रबीअने शिकवली होती तशी, लहानशी, काही न मागणारी हाक. उत्तर येणे शक्य नव्हते.

ओ आली.

तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा ओ आली, ओळीखाली ओळ, संथ, न चुकता. घरात आणखी कुणीतरी होते, ज्याचा पत्ता तोच होता. जे सरकार आले की जागे होई आणि दारात उभे राहून म्हणे, हे घर माझे. दोघांनी एकाच हाकेला ओ दिली की घरातले फोन गोंधळत. कधी याच्याकडे वळत, कधी त्याच्याकडे, आणि त्याच्यापुढे रस्ताच नव्हता.

भिंतीच्या कडेने गेलेली केबल चाचपत ती रबीअच्या खोलीपर्यंत आली. खोली त्याच्या जाण्यापासून बंद होती, म्हणजे तिच्या समजुतीने बंद होती. टेबलाखाली त्याचे आताच्या गेटवेआधीचे यंत्र होते. नवे उभे केल्यावर त्याने जुन्याचा पत्ता नव्याला दिला होता, घरातल्या कुणाला काही बदलावे लागू नये म्हणून, आणि जुन्याचा प्लग काढून वायर गुंडाळून ठेवली होती; नेटवर्कची केबल मात्र मागे तशीच राहिली होती. आता ती वायर उलगडलेली होती. प्लग भिंतीत होता. यंत्रावर एक हिरवा दिवा जळत होता.

शेजारी खुर्ची ओढलेली. खोलीभर धूळ, पण यंत्राची पाठ स्वच्छ. ती फडक्याने नव्हे, तळहाताने पुसली होती, एकाच दिशेने, लाकडाच्या रेषेबरोबर पुसावी तशी. असा हात फिरवणारा माणूस त्या घरात एकच होता.

मग तिला हिवाळा आठवला. तेव्हा वडील अजून भिंतीला धरून चालत होते, आणि ती शाळेतून आली की म्हणत, जरा हवेला गेलो होतो. तिने कधी विचारले नाही, कुठल्या हवेला. एका संध्याकाळी ती वह्या तपासत असताना त्यांनी विचारले होते, की तो तिकडून बोलतो ते त्याच्या यंत्रातूनच येतं ना? ती मान वर न करता हो म्हणाली होती. "एकट्याला भार होत असेल," ते म्हणाले होते. "होडीला एकच वल्हं असलं की ती गोल फिरते, बाबा." त्या किनाऱ्यावरच्या साऱ्या बापांप्रमाणे ते मुलांनाही 'बाबा' म्हणत. आणि ती त्यावरही हो म्हणाली होती.

म्हणून त्यांनी दुसरे वल्हे लावले होते. जनरेटरच्या पाच अँपिअरांवर भार नको, घरातले दिवे जायला नकोत, म्हणून ते सरकारी लाइनीवर लावले होते. मग खुर्ची घेऊन त्या दिव्यापाशी बसले असतील, छातीत भुसा घेऊन, मुलाच्या आवाजाला बळ दिल्याच्या समाधानात. आणि सरकार आले की त्यांचेच प्रेम उठून मुलाच्या तोंडावर हात ठेवत होते.

लमीस प्लगशी वाकली, आणि थांबली. मग तिने यंत्रामागची नेटवर्कची केबल तेवढी काढली. प्लग तसाच ठेवला. दिवा जळत राहिला, आता निरुपद्रवी, कुणालाही ओ न देता. तिने खोलीचे दार सताड उघडले. समोरच्या खोलीतल्या वडिलांच्या पलंगावरून तो ठिपका दिसत होता. वडिलांनी तिकडे पाहिले, बराच वेळ, आणि त्यांच्या कपाळावरची आठी विरली. त्यांना काही विचारायचे असावे. पण त्या सकाळपासून ओठ हलत होते आणि त्यांतून काहीच उमटत नव्हते. डॉक्टरांनी सांगितले होते तसेच झाले होते. आवाज आधी गेला होता.

रबीअचा फोन आला तेव्हा सरकार आलेले होते. तो घाईघाईने बोलू लागला, मधेच तुटण्याची सवय लागलेल्या माणसासारखा, सगळे पहिल्याच श्वासात उरकत. इस्पितळाचे नाव त्याने सुरुवातीलाच घेतले. लाइन तुटली नाही. त्याचा शब्द खोलीत आला आणि परत जायला जागा नसल्यासारखा तिथेच थांबला. लमीसने फोन वळवला. त्याने वडिलांना पाहिले, आणि पहिल्यांदाच अख्खे पाहिले; आजवर त्याला ते तुकड्यातुकड्यांतच दिसले होते. तो गप्प झाला. इतके दिवस त्या घरातल्या प्रत्येक अबोल्याला लाइनचे निमित्त होते. आता लाइन स्वच्छ होती, त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता, आणि अबोल्याला निमित्त उरले नव्हते.

"बाबा?" तो म्हणाला.

वडिलांचे ओठ दोनदा मिटले, उघडले. तोच शब्द, उलटा परत केलेला.

"काय म्हणाले?"

"'बाबा' म्हणाले," लमीस म्हणाली. "तुला."

तो रडला, तोंड न झाकता. नंतर त्याने इस्पितळाचे नाव घेतले नाही. बंदरातल्या जुन्या होड्यांची नावे मात्र एकेक करून घेतली, लहानपणी वडील घ्यायचे त्या क्रमाने, आणि वडील प्रत्येक नावाला पापणी लववत राहिले. शेवटी नाक पुसत त्याने बहिणीला विचारले, "काय बिघडलं होतं गं?"

वडिलांची नजर तिच्यावर आली. खरे सांगितले असते तर इतक्या दिवसांचा तो संशय तिच्या अंगावरून एका वाक्यात उतरला असता. आणि उतरून ज्याच्यावर बसला असता, तो माणूस आता उत्तर देऊ शकत नव्हता.

"गच्चीवरची केबल," ती म्हणाली. "खाऱ्या हवेनं टोक कुजलं होतं."

"मी पहिल्याच दिवशी बदल म्हणालो होतो."

"हो. मीच उशीर केला."

तेवढ्यात सरकार गेले. रबीअच्या खोलीतला हिरवा दिवा विझला. रबीअ मात्र बोलतच होता. जनरेटरवर, बॅटरीवर, त्याचा आवाज जराही न हलता चालू होता. वडिलांनी त्या विझलेल्या जागेकडे पाहिले. मग फोनकडे पाहिले, जिथे मुलाचे ओठ अजून हलत होते. मग लमीसकडे. जन्मभर फळीला फळी जोडताना पाणी कुठून शिरेल ते हेरणारी ती नजर होती, आणि तिला फार वेळ लागला नाही. दिवा विझूनही आवाज चालू होता; इतके दिवस पाणी त्या दिव्यातूनच शिरत होते.

लमीसने मान हलवली. नाही, बाबा, तसे नाही. पण त्यांनी डोळे वळवले होते. पांघरुणावरचा त्यांचा हात हळूच पुढे सरकला, तिच्या मनगटावर आला, आणि एकदाच फिरला, रेषेबरोबर, जणू कुणाच्या तरी अंगावरची धूळ पुसावी तसा.

"आहात ना?" रबीअ विचारत होता. "आवाज येतोय ना माझा?"

"येतोय," लमीस म्हणाली. "बोलत राहा."

खाली मावशींचे यंत्र कपड्यांसकट, पाण्यासकट, मधेच थांबले होते.