परवानगीचा नवस

“माय, साहेब ई गया! गाडी फाटकमा शे!”

चेतन धापा टाकत हॉलच्या दारात उभा राहिला, तेव्हा प्रमिलाबाई कानबाईची आरती करत होती. तिच्या हातातलं ताट जागीच थांबलं. गाणी म्हणणाऱ्या बायकाही गप्प झाल्या. परवानगीआधी पाहणी करणारे साहेब गुरुवारी यायचे होते. आज सोमवार, श्रावणात एका दिवसासाठी येणाऱ्या या खानदेशी देवीला निरोप द्यायचा दिवस. बंद पडलेल्या हॉटेलात, जिथं पूर्वी शेठचा गल्ला असायचा नेमकं तिथंच, केळीच्या खांबांमध्ये कानबाई बसली होती. नाकात नथ, अंगावर हिरवं लुगडं.

दरवर्षी प्रमिलाबाई तिला मागच्या आपल्या खोलीत बसवायची. यंदा तिनं नवस बोलला होता, ‘शेठला परवानगी मिळू दे, तुला पुढच्या मोठ्या हॉलात बसवीन.’ नवस फळल्यावर फेडायचा असतो, हे तिला ठाऊक होतं. पण तिला धीर धरवला नाही.

सुरतेजवळ, पलसाण्याच्या अलीकडे, उसाच्या मळ्यांमधून जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचं हे ‘हॉटेल हरियाळी’. नवा रस्ता झाला, गाड्या तिकडून जाऊ लागल्या आणि हॉटेलला कुलूप लागलं. तिचा नवरा लोटू इथला आचारी. तो काविळीनं गेला, तेव्हा मालक धनसुखभाई शेठ तेराव्याला आले. किल्ल्यांचा जुडगा तिच्यापुढं ठेवून म्हणाले, “प्रमिलाबेन, हवे आ बधुं तमे संभाळो.” त्यानंतर त्यांनी भाडं मागितलं नाही की कधी जायला सांगितलं नाही. गायत्रीचं, तिच्या लेकीचं लग्न याच हॉलात झालं. त्या दिवसापुरती त्यांनी तोडलेली वीज पुन्हा जोडून आणली होती आणि स्वतः दारात उभं राहून वऱ्हाडाला सरबत दिलं होतं.

आता त्यांना इमारत दुरुस्त करून मागच्या चिकूच्या बागेत लाकडी घरं उभारायची होती. सुटीला सुरतेची माणसं येऊन राहतील असं काहीतरी. एकदा अर्ज नामंजूर झाला होता. यावेळीही झाला तर बाग विकण्यावाचून गत नव्हती. अर्जात लिहिलं होतं, इमारत रिकामी आहे, कोणाचं वास्तव्य नाही.

तिचा मुलगा चेतन जवळच्या, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये कामाला होता आणि बायकोसोबत सुरतेत परवत पाटियाला एका भाड्याच्या खोलीत राहायचा. सकाळपासून तो आईच्या मागं लागला होता.

“साहेब इचारी तं सांगजो, मी आठेच, या खोलीमा ऱ्हास. इतला वरीसना कब्जा शे आपला. मंग शेठले एक खोली देनीच पडी.”

“कब्जा?” ती म्हणाली होती. “आनि कोना जीववर ऱ्हातस आपन? शेठना आसरा शे तो.”

साहेब आत आले. तरुण होते, हातात नकाशाची गुंडाळी. मागून धनसुखभाई काठी टेकत आले आणि समोर कानबाई पाहून जागीच थबकले.

“काका, आ मंदिर नकाशामां क्यां छे?” साहेबांनी विचारलं. “मंदिर होय तो फाइल पाछी जशे.”

प्रमिलाबाईनं आरतीचं ताट खाली ठेवलं.

“मंदिर नहीं है साहेब. देवी मेहमान है. कल आई, अभी जाएगी.”

“तुम आए इसलिए रुक गई बेचारी,” गाणाऱ्या बायकांतून सरलाबाईनं आवाज दिला. “तुम पानी पिओ, तब तक निकलती है!”

बायका हसल्या. साहेबही हसले. मग त्यांची नजर मागच्या दारातून दोरीवरच्या लुगड्यांवर गेली.

“और आप? आप यहीं रहती हैं?”

चेतन खाकरला. प्रमिलाबाईनं शेठकडं पाहिलं. ते खाली बघत होते. नाही म्हण, अशी खूण त्यांनी केली नाही, डोळ्यांनीसुद्धा नाही. तिला खोलीतली चूल दिसली, खिडकीतला चिकू दिसला, लोटूनं भिंतीत ठोकलेली फळी दिसली.

“नहीं साहेब. झाडू-पोछा करने आती हूँ. घर परवत पाटिया में है, बेटे के पास.”

साहेब चेतनकडं वळले. “सही है?”

चेतननं आईकडं पाहिलं. एका खोलीत आता तिघं, हे त्यालाही कळत होतं.

“हां साहेब,” तो म्हणाला. “हमारे पास ही रहती है.”

प्रमिलाबाईनं कानबाईचा पाट डोक्यावर घेतला. गाणं पुन्हा सुरू झालं. साहेबांनी बूट काढून बाजूला होत वाट दिली. बायका विसर्जनाला कालव्याकडं गेल्या आणि मागं रिकाम्या हॉलाचे फोटो निघाले.

त्या परतल्या तेव्हा गाडी गेलेली होती. धनसुखभाई पायरीवर बसून होते.

“साहेब म्हनी गया, आते काही अडचन नही,” चेतननं सांगितलं.

“प्रमिलाबेन, तमे...” धनसुखभाईंनी सुरुवात केली.

ती आत गेली आणि कानबाईच्या प्रसादाचा रोट घेऊन बाहेर आली. गाणी म्हणायला आलेल्या बायकांनाही ती फुटाणेच वाटायची. रोट फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचा, परक्याच्या हाती जाऊ द्यायचा नाही, अशी रीत. इतक्या वर्षांत शेठना तिनं चहा दिला, पुरणपोळी दिली, रोट मात्र कधी दिला नव्हता. तिनं चतकोर मोडून त्यांच्यापुढं धरला.

“माय, रोट तं भाऊबंदसलेच...” चेतन पुटपुटला.

“माले माहीत शे.”

धनसुखभाईंनी काठी भिंतीला टेकवली. तुकडा तोंडाजवळ नेताना एकही कण खाली सांडू नये म्हणून त्यांनी दुसरा हात हनुवटीखाली धरला.