नौबतखान्याच्या दारातला घोडा

मी एक जुना नगारा आहे, मित्रांनो. आज फाटका आणि मुका. पण एके काळी दिल्लीच्या किल्ल्यात, नौबतखान्याच्या माडीवरून मी दिवसातून पाच वेळा गरजायचो. तांबटांनी मला ठोकून घडवलं, वर म्हशीचं कातडं ताणलं आणि घसीटे खाँच्या स्वाधीन केलं. त्याच्या सात पिढ्या हेच काम करत आल्या होत्या.

आमच्या माडीखालच्या दाराचा एक नियम होता. घोड्यावर किंवा पालखीत बसून इथून आत जायचा मान फक्त बादशहाचा आणि शहजाद्यांचा. बाकी वजीर असो की सुभेदार, दारात पायउतार व्हायचं आणि मुकाट चालू लागायचं. मोठमोठे ढेरपोटे सरदार घोड्यावरून उतरताना धापा टाकायचे, तेव्हा मला फार मौज वाटे.

परदेशी व्यापारीही असेच चालत आले. टोपी काखेत, अंग घामाने निथळतंय, भेटीसाठी आठ-आठ महिने ताटकळलेले. बादशहा तरुण होता, पण राज्यात लक्ष कुठे? सकाळी पतंग, दुपारी अफू, संध्याकाळी कोंबड्यांच्या झुंजी. एकेक सुभा हातचा गेला, तरी हा पतंगाला ढीलच देत राहिला. व्यापाऱ्यांनी त्याची नस बरोब्बर ओळखली. त्यांनी एक घड्याळ आणलं. ठोके पडले की त्यातून पाखरू बाहेर येऊन ओरडे. बादशहाने टाळ्या पिटल्या आणि न वाचताच फर्मानावर शिक्का मारला. जकात माफ, बंदरावर वखार आणि वखारीभोवती तटबंदी!

आणि आमचा मूर्खपणा बघा. बादशहाने काही बक्षीस दिलं की खुशीची नौबत वाजवायची, ही आमची रीत. घसीटेने त्या दिवशी जीव ओतून मला बडवलं. खालून अत्तरवाला बुलाखीमल ओरडला, "काय खाँसाहेब, शहजादा झाला की काय?"

"नाही हो शेठजी! फिरंग्यांना जकात माफ झाली!"

"वा! आणि आम्हाला?"

"तुम्ही भरायची!"

दोघंही पोट धरून हसले. ते हसू आठवलं की आजही माझ्या अंगाची लाही होते.

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. वखारीचा किल्ला झाला, पहारेकऱ्यांची पलटण झाली. बुलाखीमलचं दुकान बसलं. तीस वर्षांनी ती पलटण दिल्लीत शिरली आणि बादशहाच्या रक्षणासाठी म्हणून राहिली ती राहिलीच. आता बादशहाचं जेवणही फिरंग्यांनी बांधून दिलेल्या तनख्यावर शिजू लागलं.

एका सकाळी दरबारात त्यांच्या वतीने बोलणारा गोरा वकील आला, तो थेट घोड्यावरून. दारावरच्या पहाऱ्याचा दारोगा आभाळाकडे बघत उभा राहिला. घसीटे म्हातारा झाला होता, गुडघे धरले होते. तरी तो जिना उतरून धावला आणि त्याने लगाम धरला.

"साहेब, उतरा. इथून शहजाद्यांशिवाय कुणी बसून जात नाही."

"तुझ्या शहजाद्यांना जेवायला कोण घालतं रे?" वकील हसला.

"ते मला ठाऊक नाही. दार माझं आहे."

दारोगा धावत आला. "अरे सोड, सोड! मरायचंय का बुढ्ढ्या?"

त्या दिवशी वकील घोडा वळवून परत गेला. मला वाटलं, बादशहा घसीटेला शाल देईल. छे! दुपारी हुकूम आला. घसीटेने वकिलाची माफी मागावी, आणि उद्यापासून वकील घोड्यावरून येईल तेव्हा त्याच्या स्वागताला नौबत झडावी. नाहीतर नोकरी गेली आणि किल्ल्यातलं घरही गेलं.

"अहो, मागून टाका माफी," त्याची बायको रहमतबी रडत म्हणाली. "या वयात कुणाच्या दारात जायचं आपण?"

"मागतो गं. पण कशाची मागू, एवढं कुणीतरी सांगा मला."

त्याने माफी मागितली. भर दरबारात, वाकून. बादशहा तेव्हा घड्याळाला किल्ली देत होता.

दुसऱ्या दिवशी घोड्याच्या टापा ऐकू आल्या. घसीटेने टिपऱ्या उचलल्या, पण हात काही केल्या चालेना. मग त्याने कमरेची सुरी काढली आणि माझं कातडं या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडलं. फार दुखलं, मित्रांनो. तरी मी मनात म्हटलं, शाब्बास रे माझ्या राजा!

संध्याकाळपर्यंत घसीटे आणि रहमतबी गाठोडं घेऊन किल्ल्याबाहेर पडले. दुसऱ्या सकाळी माझ्या जागी दुसरा नगारा आला आणि दुसरा वाजवणारा. नौबत छान वाजली म्हणे.

मला अडगळीत टाकलं, त्याचं मला काही वाटत नाही. कातड्याचं काय, नवं बसवता येतं. पण मित्रांनो, माणसं जपा. तुमच्या दारात कुणी घोडा घातला आणि एखादा म्हातारा लगाम धरायला धावला, तर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. तेवढी छाती नसेल तर घरात बसा. पण त्याला माफी मागायला लावू नका.