लांबमान्यांची पंगत

हिलालभाऊंनी माझ्या पोरांचा डायनासोर गुरांपुढे टाकला, त्याच दिवशी मी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

मी कोकिळा. यावलजवळच्या आमच्या गावात अंगणवाडी चालवते. घड कापला की केळीचे खांब वायाच जातात. पोरांनी ते ओढत आणले, रचून पोट केलं, वाळल्या पानांची ही लांब मान केली. मान लांब कशाला? उंचावरचा पाला खायला. मला सांगावंही लागलं नाही. चार वर्षांची भूमिका तर त्याला टेकूनच खिचडी खायची.

मग शेजारच्या हिलालभाऊंच्या मुलीचं लग्न निघालं. गाड्या लावायला त्यांना आमचं अंगण हवं झालं. विचारणं नाही, सवरणं नाही, गड्यांनी अख्खा डायनासोर उचलून गोठ्यात नेला. पोरं हमसून हमसून रडली. भाऊ दात कोरत म्हणाले, "कचराच तं व्हता." माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

आवतन मात्र चूलबंद. म्हणजे गावात कुणी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी तिकडेच जेवायचं. पहिली पंगत लेकरांची. आणि मांडवाच्या दाराला केळीचे हिरवेगार खांब, वर आंब्याचा पाला. म्हटलं, झकास!

आठवडाभर एकच खेळ शिकवला. लांबमाने कळपाने हिंडतात, जड पावलं टाकतात, दिसेल तो पाला फस्त करतात.

लग्नाच्या सकाळी पोरांच्या कमरेला शेपट्या बांधल्या. कळप धप्प धप्प करत मांडवात शिरला आणि लागला की पाला ओरबाडायला! नवरदेवाकडच्या मामांनी तर कौतुकाने पोरांना उचलून धरलं, घ्या, वरचाही खा. बघता बघता दार बोडकं झालं. काय गार वाटलं म्हणून सांगू!

भाऊ तणतणत आले. "काय शिकवू राहिली तू पोरायले? तक्रारच करतो तुह्या नावाची!"

"करा ना भाऊ. पण लिहाल काय? मांडव डायनासोरांनी खाल्ला?"

पाहुणे खो खो हसले. व्याह्यांसमोर भाऊंना धड ओरडताही येईना. दुसऱ्या दिवशी अंगण मोकळं झालं, वर ट्रॉलीभर खांबही आले. मला वाटलं, चला, फिटलं.

भूमिका त्या ढिगाभोवती फिरली. मग माझा पदर ओढून म्हणाली, "बाई, आपला कुठाय?"

आपला तर भाऊंच्या गुरांच्या पोटात गेला होता; म्हणजे काहीच फिटलं नव्हतं.

सोमवारपासून मांस खाणारे डायनासोर शिकवायला घेतेय.