एकशे आठ अर्ज

विमलाबाई आत्यांनी रामरायाला शब्द दिला होता. रामनवमीच्या आत भाच्याचे नोकरीसाठी एकशे आठ अर्ज जातील, आणि जन्माच्या कीर्तनाला नारळ वाढवायचा. देवाला दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ! डोंबिवलीच्या दोन खोल्यांत त्र्यंबक रोज मान खाली घालून अर्ज खरडू लागला.

पोरगा नकाशे काढायला शिकलेला. रेघ ओढली की बघत राहावं. पण तसला माणूस लागणारे कारखाने ठाण्यापासून कल्याणपर्यंत पाचच. मग एकशे आठ भरायचे कसे? पेढीत कारकून, चहाच्या कंपनीत विक्रेता, काय वाटेल ते. तेही संपलं तेव्हा त्याच पाच कारखान्यांकडे पुन्हा, कारकुनीसाठी, कोठारासाठी, हजेरी घेण्यासाठी.

घाईला कारण होतं. त्र्यंबकाला जिच्याशी लग्न करायचं होतं त्या सुमतीचे वडील परशुरामपंत म्हणाले होते, "रामनवमीपर्यंत थांबतो. पुढे साताऱ्याचं स्थळ आहे."

सत्त्याण्णव अर्ज झाले आणि ठाण्याच्या कारखान्यातून बोलावणं आलं. नकाशाखात्याचे मुख्य गुरुदत्त यांनी टेबलावर चार कागद मांडले.

"अक्षर तुमचंच ना? आधी नकाशे, मग कारकुनी, मग कोठार, आणि शेवटी हजेरी. उद्या भजी तळायला येणार का?"

"कुठलंही काम चालेल, साहेब."

"तिथेच तर घोडं पेंड खातंय! पहिल्या अर्जावर मी तुमचं नाव वर काढलेलं. बाकीचे बघून मोठे साहेब म्हणाले, हा काय टिकणार? सोमवारी जागा भरली. तुमचा नमुन्याचा नकाशा परत द्यायला बोलावलं. हात सुरेख आहे हो."

घरी आत्या माळ घेऊनच बसलेल्या. "अकराच राहिले रे!"

"आत्या, नकोत आता." त्याने सगळं सांगितलं.

आत्यांचा हात मण्यावरच थांबला. "बुवा दर कीर्तनात कंठशोष करतात, एकाचे पाय धरा म्हणून. आणि मी मेली तुला मोजत बसवलं."

"मीही मोजलेच की. उरलेल्या चार ठिकाणी स्वतः जातो. बाकीचे अर्ज मागे घेतो, नुसता नकाशा दाखवतो."

"आणि देवाला काय सांगू?"

"देव समजून घेईल गं. परशुरामपंतांचं काय?"

दुसऱ्या दिवशी तो आधी कल्याणला पंतांच्या घरी गेला. पंतांनी बस म्हटलं नाही.

"म्हणजे नोकरी नाही."

"महिनाभर थांबलात तर..."

"साताऱ्याला कालच पत्र टाकलं."

सुमती पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. "बाबा, रामनवमीला अजून चार दिवस आहेत."

"आत जा."

ती गेली नाही. पंतांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्र्यंबकाने पाणी पिऊन पेला तिच्या हाती दिला आणि नकाशाची गुंडाळी काखेत मारून पहिल्या कारखान्याकडे निघाला.