नव्वद सेकंदांची तयारी

डॉक्टरांनी स्टॉपवॉच दाबलं आणि श्यामची पेन्सिल धावू लागली. त्रिकोणाखाली चार, फुलीखाली सात, अर्ध्या चंद्राखाली दोन. कोणत्या चिन्हाला कोणता आकडा, हे सांगणारा तक्ता कागदाच्या वरच छापला होता. त्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

"नव्वद सेकंदांत अठ्ठावन्न!" डॉक्टर खूश झाले. "गेल्या महिन्यात सव्वीस होते, श्यामराव."

शेजारी बसलेल्या नीलिमाने ओढणीने डोळे पुसले. महिनाभर ती नवऱ्याच्या काळजीने नीट जेवली नव्हती.

"हुशारी कुठे जात नाही, ताई," डॉक्टर म्हणाले. "मेंदूत निरोप पोचवणारी रसायनं असतात. ती कमी पडली, की विचार रेंगाळतो. गेल्या महिन्यात दिलेली गोळी लागू पडली म्हणायची. आता स्कॅन नको, काही नको. खुशाल कामावर जाऊ द्या."

श्याम नुसता हसला.

महाळुंग्याच्या कारखान्यात तो वीस वर्षं गिअर तपासत होता. एका नजरेत खोट धरणारा माणूस. पण दिवाळीपासून तो एकेक गिअर हातात घेऊन बघतच राही आणि मागे ढीग साचे. पहिल्या चाचणीत फजिती झाली, तेव्हा टेबलावर राहिलेला तो कागद त्याने गुपचूप खिशात घातला आणि ताथवड्यात त्याच्या चाळीस झेरॉक्स काढल्या. कंपनीत ऑडिट असलं, की पंधरा दिवस आधीपासून सगळे उत्तरं घोकत आणि तपासायला आलेले पाहुणे खूश होऊन जात. त्याला कुणी लबाडी म्हणत नसे, तयारी म्हणत. त्यानेही रोज सकाळी बाथरूमचं दार लावून तयारीच केली.

आणि आजच सकाळी मुलीने विचारलं होतं, "बाबा, चहा की दूध?" शब्द कळले, पण उत्तर काही येईना. सुखदा दोन्ही कप घेऊन उभी राहिली होती. तेव्हा तो जन्मात घाबरला नव्हता इतका घाबरला होता. आता डोक्यात काय बिघडलंय ते बघणारा एकच माणूस होता, आणि त्यालाच त्याने फसवलं होतं.

"अहो, सुखदाला कळवते हं," नीलिमाने फोन काढला.

"थांब जरा." श्याम डॉक्टरांकडे वळला. "डॉक्टर, दुसरा कागद आहे का? वेगळ्या चिन्हांचा?"

"कशाला? उत्तम झालंय की."

"हा मला पाठ आहे. महिनाभर घोकलाय."

डॉक्टरांनी भरलेला कागद बाजूला सारला. मग त्यांनी खणातून नवा कागद काढून पुढे सरकवला आणि स्टॉपवॉच दाबलं.

श्यामने पहिलं चिन्ह पाहिलं. तक्त्याकडे पाहिलं. पुन्हा चिन्हाकडे पाहिलं.

नीलिमाने फोन पर्समध्ये ठेवला, सावकाश चेन ओढली. वर पाहिलं तेव्हा पहिल्या चिन्हाखालचा चौकोन अजून कोराच होता.